जेट विसरायला किती दिवस लागतात?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर आजचा विषय छापलाय तो असा: ‘माजी लष्करी वैमानिकांची दुसरी कारकीर्द – ऐतिहासिक विमानांची प्रात्यक्षिकं, त्यासाठीचं प्रशिक्षण, परवाना आणि पैसा.’ तिन्हींवर बोलणार आहे. पण सुरुवात एका गाऱ्हाण्यानं करतो. ते माझ्या मनात बरीच वर्षं साचलंय.

हवाई प्रात्यक्षिकांना गेलात की निवेदकाचा आवाज येतो: “स्पिटफायर चालवतायत माजी फायटर पायलट, जेटवर चार हजार तासांचा अनुभव!” लोक टाळ्या वाजवतात. मला तिथल्या तिथे विचारावंसं वाटतं, की बाबा रे, या विमानावर किती तास? त्यातले गेल्या तीन महिन्यांत किती? तो आकडा कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. जेटवरच्या चार हजार तासांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण जुन्या विमानाच्या कॉकपिटमध्ये त्यातले काही तास कामाला येतात, काही नुसते बसून राहतात आणि काही चक्क आडवे येतात. आज मला एवढंच पटवून द्यायचंय.

आडवे कसे येतात ते सांगतो. स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान; त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तो सोडून देऊ. जमिनीवर उभ्या स्पिटफायरमध्ये बसलात तर समोर नाकाशिवाय काहीच दिसत नाही. म्हणून धावपट्टीपर्यंत नागमोडी जायचं. एकदा डावीकडून डोकवायचं, एकदा उजवीकडून. उतरतानाही सरळ रेषेत न येता वळत वळत यायचं, नाहीतर धावपट्टी नाकामागे लपते. आधुनिक जेटला नाकाखाली चाक असतं, जमिनीवर ते थोडं वाकडं झालं तरी आपोआप सरळ व्हायला बघतं. शेपटीला चाक असलेल्या विमानाचं उलट असतं. वजन मुख्य चाकांच्या मागे, त्यामुळे थोडं वाकडं झालं की ते वजन त्याला आणखी वाकडं करतं. इथे पाय सतत रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या सुकाणूच्या पायपट्ट्यांवर, खेळते लागतात. जेटवर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाचे पाय आळसावलेले असतात, हे तेच वैमानिक मोकळेपणानं सांगतात.

आता हात बघा. डावा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणाऱ्या दांड्यावर, उजवा स्टिकवर, म्हणजे विमान वर-खाली आणि कलतं करणाऱ्या दांड्यावर. उड्डाण केलं, चाकं आत घ्यायचीत आणि त्याचा लिव्हर उजवीकडे! म्हणजे जमिनीपासून हातभर वर असताना हातांची अदलाबदल करायची. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये तर चाकं आत घ्यायला हातपंप मारावा लागे. उजवा हात पंप मारतोय आणि त्याच तालावर डावा हात नकळत स्टिक हलवतोय, त्यामुळे नवख्याचं विमान लाटेवरच्या होडीसारखं वरखाली होत जाई. शिवाय मर्लिन इंजिनाचं स्पिटफायर उड्डाणाच्या वेळी डावीकडे ओढतं. पुढच्या मॉडेल्समध्ये ग्रिफन इंजिन आलं, त्याचा प्रोपेलर उलटा फिरतो, म्हणून ते उजवीकडे ओढतं. नाव एकच, आणि पायाची सवय मात्र बरोबर उलटी करायची.

इंग्लंडमधल्या ओल्ड वॉर्डनचा शटलवर्थ हा जुन्या, उडत्या विमानांचा संग्रह पाहिलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. तिथली पहिल्या महायुद्धाच्या आसपासची काही विमानं रोटरी इंजिनाची आहेत. इंजिन स्वतःच गरगर फिरतं, एरंडेलाचा वास मैदानभर पसरतो, आणि उतरताना वेग कमी करायचा तर बटण दाबून प्रज्वलन क्षणभर तोडायचं. ब्लेरियोसारखी विमानं वारा पूर्ण पडला तरच बाहेर निघतात. तिथले कितीतरी वैमानिक लष्करातले परीक्षण-वैमानिक, म्हणजे विमानं उडवून तपासणारे, होते. अनोळखी यंत्राकडे संशयानं बघायचं शिक्षण त्यांना मिळालेलं असतं. लष्कराकडून घेण्यासारखं काय असेल, तर ते हे.

यावरून नील विल्यम्सची गोष्ट. मी जिथे बोलतो तिथे ही सांगतो, ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी क्षमा करावी. ब्रिटिश वायुदलातला परीक्षण-वैमानिक, बाहेर पडून कसरतींचा विजेता झाला, शटलवर्थची जुनी विमानं चालवू लागला. १९७० चा जून. जागतिक स्पर्धेच्या तयारीसाठी इंग्लंडमधल्या हलाव्हिंग्टनच्या तळावर झ्लिन या कसरतीच्या विमानात सराव चालला होता. एका कसरतीच्या तळाशी, विमान वर खेचत असताना मोठ्ठा आवाज झाला. डाव्या पंखाचा खालचा जोड तुटला होता. पंख वरच्या बाजूला दुमडायला लागला. विमान डावीकडे कलंडतंय, जमीन जवळ येतेय, उडी मारायला उंची उरलेली नाही.

आता लक्ष द्या. त्याला त्या क्षणी आठवलं काय? एका बल्गेरियन वैमानिकाचा किस्सा. तशाच विमानात, उलटं उडताना पंखाचा वरचा जोड तुटला होता आणि विमान गिरकी घेऊन सुलटं झाल्यावर पंख जागेवर बसला होता. विल्यम्सनं हिशेब उलटा केला. वरचा जोड तुटला तर सुलटं उडायचं, मग खालचा तुटलाय तर उलटं! त्यानं विमान उलटं केलं आणि पंख खटकन जागेवर बसला. पण आपटणार असं धरून त्यानं आधीच इंधन बंद केलं होतं. ते पुन्हा चालू केलं, इंजिन पुन्हा सुरू झालं. उलट्याच अवस्थेत तो धावपट्टीकडे आला, अगदी जमिनीजवळ येऊन विमान सुलटं केलं, पंख पुन्हा दुमडला, विमान घसटत थांबलं आणि हा गृहस्थ आतून चालत बाहेर आला.

लोक याला ‘फायटर पायलटचं रक्त’ म्हणतात. मला ते पटत नाही. त्याला वाचवलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी अपघातानं, जो त्यानं मनापासून समजून घेऊन लक्षात ठेवला होता. हाच नील विल्यम्स १९७७ च्या डिसेंबरात, हाइन्केल या जर्मन बाँबरची स्पॅनिश आवृत्ती असलेलं जुनं विमान इंग्लंडला पोचवायला निघाला आणि स्पेनमध्येच डोंगरावर आदळून गेला. बरोबर त्याची पत्नी होती. ही दुसरी बाजूही मी दर वेळी सांगतो.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. बरं, झरझर जातो.

प्रशिक्षण. ब्रिटिश वायुदलाचं बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विमानं उडती ठेवणारं पथक, १९५७ मध्ये सुरू झालं, आता ते कॉनिंग्जबीला आहे. तिथले वैमानिक सेवेतलेच असतात, पण टायफूनसारखं आधुनिक लढाऊ जेट चालवणाऱ्यालाही तिथे आधी चिपमंक, मग हार्वर्ड या जुन्या प्रशिक्षण-विमानांची पायरी चढावी लागते, तेव्हा कुठे स्पिटफायर. आपल्या वायुदलाच्या व्हिंटेज फ्लाइटमध्येही टायगर मॉथ हे जुनं प्रशिक्षण-विमान, हार्वर्ड आणि २०१८ मध्ये आलेलं डकोटा हे जुनं वाहतूक विमान ‘परशुराम’ आहे. सेवेत असताना ही पायरी संस्था बांधून देते. बाहेर पडल्यावर ती स्वतःच शोधावी लागते, आणि घसरण तिथे होते.

दोन अपघात सांगतो. २२ ऑगस्ट २०१५, इंग्लंडमधलं शोरहॅम. हॉकर हंटर हे जुनं लढाऊ जेट लूपमधून, म्हणजे हवेतल्या उभ्या गोल फेरीतून, पुरतं बाहेर न येता रस्त्यावर कोसळलं, अकरा माणसं गेली. वैमानिक एके काळी हॅरियर चालवणारा, नंतर प्रवासी विमानांचा कॅप्टन. एकूण तास चौदा हजारांवर, आणि हंटरवरचे सुमारे चाळीस! लूपच्या माथ्यावर किमान ३,५०० फूट हवे होते, विमान होतं सुमारे २,७०० फुटांवर. उंचीमापक चुकीचा वाचला गेला असेल किंवा आवश्यक उंचीचा आकडाच चुकीचा आठवला असेल, अशा शक्यता तपासात मांडल्या गेल्या. तो दुसऱ्या प्रकारचं, संथ जेटही चालवत असे, त्यामुळे त्याचा आकडा आठवला असू शकतो. न्यायालयानं २०१९ मध्ये त्याला निर्दोष सोडलं, मलाही कुणाला आरोपी करायचं नाही. पण चौदा हजार आणि चाळीस हे दोन आकडे शेजारी ठेवा.

दुसरा ४ ऑगस्ट २०१८ चा, स्वित्झर्लंडमधला. १९३९ चं युंकर्स-५२ अरुंद दरीत खाली उडत गेलं आणि कोसळलं, वीस माणसं गेली. तपास अहवालानं स्पष्ट लिहिलंय, की वायुदलात तयार झालेल्या त्या कंपनीच्या वैमानिकांना नियम बाजूला सारायची आणि मोठी जोखीम घ्यायची सवय जडलेली दिसते. ते वाक्य वाचून मी कितीतरी वेळ सुन्न बसलो होतो. युद्धात जोखीम हे कर्तव्य असतं. मागे तिकीट काढून बसलेली माणसं असतील तर तीच सवय घातक होते.

परवाना. ब्रिटनमध्ये प्रात्यक्षिकांसाठी नियामकाकडून वेगळी मान्यता लागते. परीक्षक समोर उभं राहून बघतो आणि कुठल्या गटाची विमानं, कुठल्या कसरती, किती किमान उंची हे ठरतं. शोरहॅमनंतर ते आणखी कडक झालं. अनेकांनी कुरकुर केली. मी त्या कडकपणाच्या बाजूनं आहे.

पैसा. खरं तर यावर अर्धा तास ठेवला होता. प्रात्यक्षिकांवर पोट भरणारे अगदी थोडे. रे हॅना बघा. ब्रिटिश वायुदलाच्या रेड ॲरोज या कसरती पथकाचा नेता, वायुदल सोडल्यावर प्रवासी विमानं चालवली आणि १९८१ मध्ये मुलगा मार्कबरोबर जुन्या विमानांची कंपनी काढली. मार्क स्वतः फँटम हे लढाऊ जेट चालवणारा, १९९९ मध्ये बुचॉनच्या, म्हणजे जर्मन मेसरश्मिटच्या स्पॅनिश आवृत्तीच्या, अपघातात गेला. किंवा मार्टिन विदर्स, ज्यानं १९८२ च्या युद्धात व्हल्कन बाँबर घेऊन फॉकलंड बेटांवरच्या धावपट्टीवर बाँब टाकले, त्यानंच पुढे नागरी मालकीचं व्हल्कन २०१५ पर्यंत प्रात्यक्षिकांत उडवलं. त्याचे तास मात्र खरोखर त्याच प्रकारच्या विमानाचे होते. असं भाग्य दुर्मीळ. आता दोन आसनी स्पिटफायरमधून लोकांना पैसे घेऊन फिरवता येतं. त्यातून वैमानिकाला मानधन मिळतं आणि मुख्य म्हणजे त्याच विमानावरचे ताजे तास मिळतात. माझ्या दृष्टीनं हा या क्षेत्रातला गेल्या काही वर्षांतला सर्वांत चांगला बदल आहे.

तुमच्यापैकी तिघं-चौघं अशा कार्यक्रमांचं निवेदन करतात, मला माहीत आहे. पुढच्या वेळी कागदावर एक ओळ वाढवा: या विमानावरचे तास इतके, गेल्या ९० दिवसांतले इतके. वैमानिकाला आधी विचारून घ्या. ज्याचा आकडा भरघोस असेल त्याला तो वाचलेला आवडेल, आणि ज्याचा नसेल तो उड्डाणाआधी एकदा थांबेल. प्रश्न बाहेर घेतो, सभागृह सोडायचंय.