बाळंतिणीच्या ताटातले दूध

श्रोतेहो, नमस्कार. ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो आणि त्या आठवड्यात आईच्या दुधाचे गुण आपण पुष्कळ ऐकतो. परंतु स्तनपान उत्तम चालू असताना बाळाच्या शीमध्ये रक्ताची रेघ दिसली तर काय करावे, हे फारसे कोणी सांगत नाही. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

आई जे दूध, दही, पनीर खाते त्यातील प्रथिनांचा अगदी सूक्ष्म अंश तिच्या अंगावरच्या दुधात उतरतो. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन मानवी दुधात मुळात नसते. ते गाई-म्हशीच्या दुधातून आईच्या पोटात आणि तेथून बाळाच्या पोटात जाते. बहुतेक बाळांना त्याचे काहीही होत नाही. थोड्या बाळांच्या मोठ्या आतड्याला मात्र त्याने सूज येते आणि मग पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शीमध्ये चिकट आव आणि रक्ताचे धागे दिसू लागतात. बाळ हसते, खेळते, वजनही नीट वाढते. घाबरलेली असते ती आई. अशा वेळी घरातील पहिला सल्ला असतो, ‘अंगावरचे बंद करा, डबा सुरू करा.’ तो सल्ला चुकीचा आहे. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. आईच्या ताटातले दूध काही काळ बंद करायचे आहे.

ही अडचण प्रथिनाची आहे, साखरेची नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर आईच्या शरीरात आपोआप तयार होते, त्यामुळे आईने महागडे लॅक्टोजमुक्त दूध आणून प्यायल्याने काही साधत नाही. गाईऐवजी शेळीचे किंवा म्हशीचे दूध घेतल्यानेही नाही, कारण त्यांची प्रथिने एकमेकांशी फार मिळतीजुळती असतात.

आता मला जी हकीकत सांगायची आहे ती सातारा जिल्ह्यातील एका घरातली आहे. नावे सांगत नाही. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, घरात चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध जाणारे, आणि सगळ्या घरावर त्या मुलीच्या आजीचा, म्हणजे बाळाच्या पणजीचा, अंमल. बाळाच्या दुपट्यावर रक्त दिसले म्हणून तिघी माझ्याकडे आल्या. मी बाळाला तपासले. गुदद्वाराशी चीर नव्हती, ताप नव्हता, पोट मऊ होते, वजन उत्तम वाढत होते. मी मुलीला सांगितले की दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ पूर्ण बंद ठेवायचे. त्यावर आजी म्हणाल्या, “बाई, आमच्या म्हशीचं दूध आजवर कुणाला बाधलं नाही.” म्हशीवर आळ आल्यासारखाच त्यांचा चेहरा झाला होता.

त्या पुन्हा आल्या तेव्हा रक्त कमी झाले होते, परंतु थांबले नव्हते. मी मुलीला आदल्या दिवशी उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेले ते सांगायला लावले. गूळ घातलेला कोरा चहा, पाण्यातली नाचणीची आंबील, मेथीची भाजी, वरण-भात, लसणाची चटणी, भाकरी. यात दूध कुठेच नव्हते. “रात्री काय खाल्लेस?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “रात्री आजी दशमी देते.” आजींनी तेवढ्यात पिशवीतून पितळी डबा काढून टेबलावर ठेवला. परतीच्या एसटीत नातीला भूक लागेल म्हणून त्यांनी दशम्या बांधून आणल्या होत्या. मी त्यातली एक मोडून पाहिली. ज्वारीच्या पिठाची, मऊसूत, कडेला किंचित तांबूस डाग पडलेली, आणि मोडताच दुधाचा गोडसर वास देणारी. मी विचारले, “आजी, पीठ कशात भिजवता?” त्या म्हणाल्या, “दुधातच की. पाण्यात भिजवली तर दुसऱ्या दिवशी वातड होते.” “पण दूध बंद सांगितले होते ना?” “बंदच आहे. कपभरसुद्धा देत नाही पोरीला. पण तव्यावर भाजल्यावर दूध राहतंय कुठं, बाई? आटून जातंय.”

श्रोतेहो, त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. भाजल्याने दुधातील काही प्रथिनांचे रूप खरोखर बदलते, आणि पुढे याच गुणाचा उपयोग बाळाला दुधाची सवय लावताना करता येतो. परंतु केसीन हे प्रथिन उष्णतेला पुरून उरते, आणि चाचणीच्या काळात थोडेसे दूधही चाचणी बिघडवते. मी हे समजावून सांगितल्यावर आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी स्वतःच बोटांवर मोजायला सुरुवात केली: भरतात कालवलेले दही, चटणीवरचा लोण्याचा गोळा, भातावरची साय, अळिवाची खीर, आणि रोज सकाळी दुधातून दिलेले शतावरीचे कल्प. मुलगी त्यांच्याकडे पाहतच राहिली, कारण यातील निम्म्या गोष्टी तिने मला सांगितल्याच नव्हत्या. त्या तिच्या लेखी दूध नव्हत्याच.

त्या दिवसापासून या चाचणीच्या खऱ्या राखणदार आजी झाल्या. बारशाला आलेल्या पाहुण्यांचे पेढे त्यांनी परस्पर शेजारी वाटून टाकले. दुकानातून काहीही आले की शाळेत जाणाऱ्या पणतवाला हाक मारून त्या पुड्याची बारीक अक्षरे वाचायला लावत. एके दिवशी त्याने साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्यावर ‘मिल्क सॉलिड्स’ वाचले, तेव्हा तो पुडा थेट म्हशीच्या पुढ्यात गेला. (येथे एक सांगून ठेवते. पुड्यावरच्या हिरव्या ठिपक्यावर पुष्कळ आया विसंबतात. तो ठिपका शाकाहाराचा आहे आणि आपल्या कायद्यात दूध शाकाहारीच आहे. वाचायची असते ती घटकांची यादी आणि तिच्याजवळची ॲलर्जीची सूचना. ती इतक्या बारीक अक्षरांत का छापतात, हे मला आजवर उमगलेले नाही; पुड्यावरचा हसरा बाळ मात्र वीतभर असतो.)

दोन आठवड्यांत बाळाची शी स्वच्छ झाली. मी मुलीला सांगितले, “आता पुन्हा दूध सुरू कर.” आजी उसळल्या. “चांगलं चाललंय ते बिघडवायचं कशाला?” याच ठिकाणी बहुतेक घरे थांबतात, म्हणून हा मुद्दा मी सावकाश सांगते. पुष्कळ बाळांचे रक्त आपोआपच थांबते. दूध बंद केल्यावर थांबले म्हणजे ते दुधामुळेच होते, असे सिद्ध होत नाही. पुन्हा दूध घेतल्यावर त्रास परत आला तरच निदान पक्के होते. नाही आला तर ती आई त्याच दिवसापासून मोकळी. पुन्हा सांगते, दूध बंद करणे ही अर्धी चाचणी आहे, आणि दूध परत सुरू करून पाहणे ही उरलेली अर्धी. जिने ही दुसरी अर्धी केली नाही, ती आई कारण नसताना वर्षभर कोरड्या भाकरीवर राहते. मात्र दूध घेतल्यावर बाळाच्या अंगावर लगेच गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा धाप लागणे असे कधी झाले असेल, तर ही परीक्षा घरी करायची नाही.

त्या घरात चौथ्या दिवशी रक्ताची रेघ परत आली. निदान पक्के झाले, दूध पुन्हा बंद झाले, आणि बाळ आईच्याच अंगावर पीत राहिले. वर्षाच्या सुमारास आमच्या सल्ल्याने त्याला आधी भाजलेल्या पदार्थातून, मग दह्यातून, मग दुधातून सवय लावली आणि त्याला काही झाले नाही. बहुतेक बाळांना वर्षाच्या आसपास हे सोसू लागते. पहिले दूध घरच्याच म्हशीचे असले पाहिजे, असा आजींचा हट्ट होता. तो पुरवला. म्हशीवरचा आळ गेला, असे त्यांनी मला दवाखान्यात येऊन सांगितले.

माझा बराच वेळ या हकीकतीत गेला, तेव्हा उरलेले थोडक्यात. दूध बंद केलेल्या बाळंतिणीला रोज सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून दोन वेळा नाचणीची भाकरी आणि सोबत तिळाची चटणी हा चांगला आधार आहे, पण तो पुरेसा नाही. सरकारी आरोग्य केंद्रात बाळंतपणानंतर सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. त्या पिशवीत तशाच पडू देऊ नयेत, आणि लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घेऊ नयेत. जी आई मांस-मासे-अंडी खात नाही, तिला ब 12 जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळते. तिने दूध सोडताना डॉक्टरांकडून ब 12 मागून घ्यावेच, कारण तिची उणीव बाळापर्यंत पोहोचते.

बाळ नुसते रडते म्हणून मात्र कोणीही दूध सोडू नये. पहिल्या तीन महिन्यांत संध्याकाळी रडणे हे बाळांचे नित्याचेच आहे. बाळ पाहायला आलेल्या प्रत्येक पाहुणीने बाळंतिणीच्या ताटातला एकेक पदार्थ कमी करून जाण्याची आपल्याकडची रीत मला मुळीच पसंत नाही. आणि हिरवी उलटी, फुगलेले पोट, ताप, पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून कळवळणे, रक्त-आव मिसळून लाल जेलीसारखी शी, किंवा मलूल होऊन दूध न ओढणे यांपैकी काहीही दिसले, तर ताटातल्या दुधाचा विचार करत बसू नये. त्याच तासाला बाळाला रुग्णालयात न्यावे. नमस्कार.