वीसपैकी सतरा, ग्रेड सी

मघाशी माझी ओळख करून देताना ‘गुणवंत विद्यार्थी’ म्हटलं गेलं. ते आधी खोडतो. एमबीएच्या पहिल्याच टर्ममध्ये कॉस्टिंगच्या क्विझला मला 20 पैकी 17 पडले आणि ग्रेड आली सी. वर्गाची सरासरीच 18 च्या घरात होती. आईला फोनवर म्हटलं, सतरा पडले. ती म्हणाली, “छान की रे!” सीचं मी काढलंच नाही.

रिलेटिव्ह ग्रेडिंग म्हणतात ते हेच. पेपर तुम्ही लिहायचा आणि तुमची ग्रेड ठरवायची शेजाऱ्याच्या पेपरने. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये वरच्या 15-20 टक्क्यांना ‘1’, बहुतेकांना ‘2’ आणि तळाच्या काहींना ‘3’. हे ‘3’ फार साठले की प्रकरण समितीपुढे. शिकागोच्या बूथ बिझनेस स्कूलमध्ये वर्गाची सरासरी 4 पैकी 3.33 च्या वर जाऊ द्यायची नाही, असा दंडक. हार्वर्डमध्ये बऱ्याच विषयांत निम्मे गुण वर्गात बोलण्याचे. 1961 साली सुरू झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमची घडण हार्वर्डच्या मदतीनेच झाली, केसवरून, म्हणजे एखाद्या कंपनीच्या खऱ्या प्रसंगावर वर्गात चर्चा करून शिकवणंही तिथूनच आलं. आमच्याकडे वर्गात बोलण्याला ‘सीपी’, म्हणजे क्लास पार्टिसिपेशन, म्हणत, आणि गुणांसाठी उगाच हात वर करणाऱ्याला ‘डीसीपी’. त्यातला डी डेस्परेटचा, पोलिसांशी संबंध नाही.

माझा आक्षेप कडकपणाला नाही. कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, जवळपास 3 लाख मुलं बसतात. त्यांतून चाळून चाळून वरची साठ-सत्तर एका वर्गात बसवायची आणि त्यांच्यावर पुन्हा घंटेच्या आकाराचा आलेख लादायचा, बहुतेक मध्ये, थोडे वर, थोडे तळाला! तो आलेख सगळ्या गर्दीचा असतो हो, चाळणीवर उरलेल्यांचा नाही. शंभर मीटर धावण्याच्या अंतिम फेरीत आठवा आलेला माणूस काही लंगडा नसतो.

पण खरं नुकसान वेगळंच. कॅश फ्लो शेजारच्या खोलीतल्या मित्राच्या डोक्यात शिरत नव्हता. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत मी त्याला समजावला. त्याला बी प्लस, मला बी मायनस. त्याने मनापासून थँक्स म्हटलं आणि मला ते टोचलं. पुढच्या टर्मला त्याने दार वाजवलं तेव्हा मी दिवा घालवून पडून राहिलो. मी जागाच आहे हे त्याला कळलं असणार, लॅपटॉपचा उजेड दाराखालून दिसत होता. दुसऱ्याचा पाय ओढण्याला हॉस्टेलवर ‘आरजीगिरी’ म्हणत, आरजी म्हणजे रिलेटिव्ह ग्रेडिंग. मला वाटायचं, ती दुसरे करतात.

कोणी म्हणेल, मग सगळ्यांना ए वाटा. तेही पाहिलंय. एका प्राध्यापकांनी सढळ हाताने गुण दिले; पुढच्या वर्षी त्यांच्या विषयाला झुंबड, आणि वाचून येणारं कोणी नाही. रेषा कुठेतरी मारावीच लागते, हे मला मान्य आहे.

आता मीही शिकवतो. गेल्या महिन्यात एक्सेलमध्ये गुण उतरत्या क्रमाने लावले. बी आणि सीच्या मध्ये दोन नावं आली, 61.5 आणि 61. दोन्ही पेपर पुन्हा काढून वाचले. 61 वाल्याचा तिसरा प्रश्न मला जास्त आवडला, पण आकडेमोडीत एक शून्य सुटलं होतं. चहा घेऊन आलो, पुन्हा वाचलं. मग त्या दोघांच्या मधून रेषा मारली आणि फाइल ऑफिसला पाठवून दिली.