रावेरखेडीला एकटीनं

(पहाट. भंवरकुआँ चौक. धुक्यात बसचे दिवे.)

इंदूरच्या आमच्या मराठी घरांतून थोरल्या बाजीरावाचा घोडा कुठल्या ना कुठल्या भिंतीवर उधळलेला असतोच. त्याच्या लढाया मुलांना तोंडपाठ. पण त्यानं जिथे शेवटचा श्वास घेतला ते रावेरखेडी इंदूरहून सकाळी निघून रात्री परतण्याइतकं जवळ आहे, आणि माझ्या नात्यातलं एकही माणूस तिथे गेलेलं नाही. मीसुद्धा पन्नाशी गाठली. दरवेळी कुणाला ना कुणाला यायचं असायचं आणि ऐनवेळी जमायचं नाही. यंदा जानेवारीत मी कुणाला विचारलंच नाही.

आईनं डब्यात पोळी-भाजी दिली आणि तिसऱ्यांदा विचारलं, "सोबत कोण आहे?"

पाहुणे महाराष्ट्रातून येतात ते एसटीच्या हिशोबानं. इकडे राज्याचं परिवहन महामंडळ २००५ सालीच गुंडाळलं. सगळ्या बस खाजगी. गाडी भरली की सुटते, आणि परतीची शेवटची कधी हे जाताना कंडक्टरलाच विचारून ठेवायचं. मी विचारलं. त्यानं उलट विचारलं, "अकेली हो, बहनजी?"

एकट्या बाईच्या पर्समध्ये एक भाऊ तयार असतो. माझा बडवाहला चढणार होता.

(भेरूघाट. खिडकीतून दरी.)

स्वेटर भेरूघाटापर्यंतच. घाट उतरला की माळवा संपतो, निमाड लागतो. हवा बदलते, माती बदलते, बसमधलं बोलणंही बदलतं. इंदूरपर्यंत रेल्वे आणण्यासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं. मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा दिसली आणि अख्ख्या बसनं हात जोडले. बडवाह मागे पडलं होतं. भाऊ काही चढला नाही. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मी नर्मदेकडे.

सनावदला गाडी बदलली. बेडिया दिसायच्या आधी नाकाला कळतं. मिरचीची मोठी मंडी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल वाळवण, देठ खुडणाऱ्या बाया, आणि शिंकणारी मी. त्या हसल्या. चहा पाजला, कुठली, कुणाची, मुलं किती, सगळं काढून घेतलं. एकटीनं निघालं की निवांत विचार करता येतो असं कुणीतरी सांगून ठेवलंय. छोट्या गावात एकट्या माणसाला एकटं सोडतं कोण?

(समाधी. नुसता वारा.)

टेम्पोनं रावेरखेडी. चौफेर दगडी तट, आत चौथरा, पलीकडे नर्मदेचं पाणी. २८ एप्रिल १७४०. वय ३९. वैशाख शुद्ध त्रयोदशी. जानेवारीच्या दुपारी मला डोक्यावर पदर घ्यावा लागला. निमाडच्या वैशाखात, अंगात ताप घेऊन छावणीत पडलेल्या माणसाचं काय झालं असेल, ते भिंतीवरच्या घोड्यावरून कधी कळलं नव्हतं. कुठे काही भव्य नाही. मला ते बरं वाटलं. पाऊण तास बसले. सोबत कुणी असतं तर दहा मिनिटांत फोटो काढून निघालो असतो.

काठावर एक परिक्रमावासी आजी भेटल्या, साताऱ्याकडच्या. ओंकारेश्वरहून नर्मदा उजव्या हाताला ठेवून चाललेल्या, एकट्याच. मला वाटलं काही थोर बोलतील. त्यांनी विचारलं, "लसणाची चटणी आहे का गं? रोज सदाव्रतात डाळ-टिक्कड खाऊन जीभ मेली बघ." डबा त्यांच्यापुढे ठेवला. आईची चटणी दोन बोटं उरली होती, ती त्यांनी पोळीला पुसून संपवली. बाजीराव इथेच आहेत, म्हटलं. "हो का? नमस्कार करते," म्हणाल्या आणि काठी टेकत आत गेल्या.

(संध्याकाळ. ट्रॅक्टर.)

परतीला टेम्पो नाही. मिरचीची पोती लादलेल्या ट्रॅक्टरवर, मडगार्डला धरून, बेडियापर्यंत. नऊ शिंका मोजल्या, पुढच्या मोजल्या नाहीत.

सनावदला शेवटची बस उभी होती. तीच गाडी, तोच कंडक्टर. त्यानं तिकीट फाडलं आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "बहनजी, भैया बड़वाह में ही रह गए क्या?"

मी सुट्टे पैसे मोजायला घेतले.