भ्रूण तपासायचा, पण कशासाठी?

नमस्कार, श्रोतेहो.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका भरल्या. सिंधुदुर्गातही बायकाच जास्त. कोकणात मुलींना केवढा मान आहे, हे या आकड्यावरून ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. अहो, बापये मुंबईत आहेत! सहा वर्षांच्या आतल्या मुलांचा आकडा बघा, ती काही चाकरमानी होऊन गेलेली नसतात. तिथे दोन्ही जिल्ह्यांत हजार मुलग्यांमागे मुली साडेनऊशेच्या आत आहेत. राज्याची सरासरी याहून वाईट आहे, पण त्यात समाधान कसलं मानायचं?

आज बोलायचंय ते जनुकं तपासून मूल निवडण्याबद्दल, आणि हा विषय आपल्याकडे कोऱ्या पाटीवर येत नाही, म्हणून हे आधी सांगितलं.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. माझ्याकडे एक जोडपं येतं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं रक्त न बनण्याचा आनुवंशिक आजार. रक्त चढवून अडीच-तीन आठवडे झाले, की पोरगा पायरी चढताना मध्येच थांबतो, ओठ पांढरे पडतात. मग आई कामावर खाडा करते आणि दोघं पहाटेची एसटी धरतात. रक्तातून साठणारं लोह बाहेर काढायला रोज गोळी, ती पाण्यात विरघळवून द्यायची. पोरगा तोंड वेडंवाकडं करतो. आईबाप दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक, स्वतः धडधाकट. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला मेजर होण्याची शक्यता चारात एक. त्यांना दुसरं मूल हवंय आणि हे पुन्हा नकोय.

त्यावर एक उपाय आहे. बीजांडं काढून प्रयोगशाळेत फलित करायची, पाचव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढून तपासायच्या आणि आजार नसलेला भ्रूण गर्भाशयात सोडायचा. खर्च लाखांत, आणि त्यासाठी मुंबई-पुण्याच्या खेपा. एवढं करून मूल राहीलच, याची हमी नाही.

हे मी समजावून सांगत होते. मुलाची आजी दाराशी बसली होती. ती म्हणाली, “बाई, तपासूचाच आसा, तर मगे झीलच ठेवा.” झील म्हणजे मुलगा.

मी तिच्यावर रागावले नाही. यंत्राच्या बाजूने बघितलं तर तिचं काही चुकत नाही. त्याच पेशींत ते उत्तरही असतं. गंमत म्हणजे या तंत्राचा पहिला वापर लिंग बघूनच झाला. १९९०मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात अ‍ॅलन हँडीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलग्यांनाच गाठणारा आनुवंशिक आजार टाळायला मुलींचे भ्रूण निवडले. म्हणजे रोग की हौस, ही रेघ यंत्र मारत नाही. ती आपण मारायची असते. महाराष्ट्राने ती १९८८मध्ये गर्भलिंग तपासणीवर कायदा करून देशात सर्वांआधी मारली, केंद्राचा कायदा १९९४चा. आणि २०२१चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा सांगतो, की भ्रूणाची जनुकीय तपासणी फक्त माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांसाठीच करायची. आजीला मी एवढंच म्हटलं, “ता चलाचा नाय.”

आता मला खरोखर छळणारी गोष्ट. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय. थॅलेसेमिया त्यात आहे, हिमोफिलिया आहे, सिकलसेलही आहे. एक कायदा त्या पोराला म्हणतो, तू आमचा, तुझा हक्क आहे. दुसरा म्हणतो, तुझ्यासारखा भ्रूण बाजूला ठेवायला हरकत नाही. जिवंत मुलगा आणि पाच दिवसांचा भ्रूण मी एका मापाने मोजत नाही, म्हणून या जोडप्याला मी तपासणी सुचवते. पण अशी मुलं कमी झाली, की त्यांच्यासाठीच्या खाटा नि रक्ताची तजवीज आधी आटेल, ही भीती वाटते. शिवाय पैसेवाल्यांनी आजार टाळला आणि तो गरिबांपुरताच उरला, तर त्याच्यासाठी भांडणार कोण?

वाहक भ्रूणाचं काय, असंही विचारतात. तो टाकायचा का? मुळीच नको. आईबाप वाहकच आहेत की! शेतं लावतायत, संसार करतायत.

उंची आणि बुद्धीचे गुण लावून भ्रूण निवडून देणाऱ्या कंपन्या अमेरिकेत निघाल्यात. २०१९मधल्या एका अभ्यासाचा हिशोब असा, की दहा भ्रूणांतून वरच्या गुणांचा निवडला तरी सरासरीपेक्षा मिळकत उंचीत सुमारे अडीच सेंटिमीटर, बुद्ध्यांकात सुमारे अडीच गुण. चपलेच्या टाचेएवढा फायदा! त्यापायी बाईने हार्मोनची इंजेक्शनं का सोसायची? आपल्या कायद्यात हे बसत नाही, ते बरंच आहे.

त्या जोडप्याला भ्रूणतपासणीचा खर्च झेपला नाही. त्यांनी दुसरी वाट धरली. दिवस राहिल्यावर अकरा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा काढून तपासायचा. ती स्वस्त, पण निकाल वाईट आला तर गर्भपाताचा निर्णय आईच्या डोक्यावर. तिला तो भार चालणार होता का, हे मी तिला एकटीला बसवून विचारलं, सासू नि नवरा बाहेर थांबवून.

ज्यांच्या घरी अजून असं काही घडलेलं नाही, त्यांच्यासाठी एक काम. थॅलेसेमियाचा वाहक ओळखायला साधी रक्ततपासणी पुरते. दिवस राहिले की पहिल्याच भेटीत ती मागून घ्या, लग्नाआधी केलीत तर उत्तमच. बाई वाहक निघाली, तर नवऱ्याचं रक्त तपासावंच लागतं, आणि इथेच आपलं घोडं अडतं. “हे गणपतीला येतील तेव्हा देतील,” असं मला सांगतात. तोवर गर्भ पाच महिन्यांचा होतो! नवऱ्याने मुंबईतच रक्त द्यावं, त्याच आठवड्यात, आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. त्यासाठी गावी यायची गरज नाही.