कॉकपिटमधला गोंगाट आणि कानावरच्या वाट्या

(चार आसनी विमान, आतून. स्टार्टर फिरतो, इंजिन धरतं. मूळ आवाज सात सेकंद तसाच ठेवायचा.)

हा आवाज आम्ही वाढवलेला नाही. उलट घरी बघणाऱ्यांच्या स्पीकरची काळजी म्हणून थोडा उतरवलाय. दारं बंद आहेत, खिडक्या बंद आहेत, आणि शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांचे ओठ हलताना दिसतायत. ते काय सांगत होते, ते खाली उतरून विचारावं लागलं.

विमान आहे सेसना १७२, उड्डाण शिकवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं. पुढे चार सिलिंडरचं, वाऱ्यावर थंड होणारं इंजिन आणि त्याच्या क्रँकशाफ्टलाच थेट जोडलेला प्रोपेलर. मध्ये गिअर नाही. इंजिन आणि पायलटचे पाय यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत, तिला फायरवॉल म्हणतात. आग लागली तर ती अडवायची एवढंच तिचं काम. आवाजाशी तिचं काही देणंघेणं नाही.

(प्रोपेलर, स्लो मोशन.)

पाती मोजा. दोन. सरळ उड्डाणात इंजिन मिनिटाला साधारण २४०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ४०. दोन पाती धरली की हवेला सेकंदाला ८० फटके. आत इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे तेही सेकंदाला ८० धडाके. गोष्टी दोन वेगळ्या, पण आवाज एकाच सुरावर येऊन बसतो: ८० हर्ट्झ. पार खर्जातला. शिट्टीसारखा तो कानाला टोचत नाही, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. छातीत जाणवतो, दातांत जाणवतो, आणि विमानातून उतरल्यावर माणूस का दमलाय ते त्याचं त्यालाच कळत नाही.

हेडसेट नसेल तर अशा कॉकपिटमधला आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकेची नायॉश ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास देते आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास उरतो.

(धावपट्टीलगत. एक विद्यार्थी उतरतो, दुसरा चढतो. उजव्या सीटवरचे प्रशिक्षक जागचे हलत नाहीत.)

विद्यार्थी बदलला. सीटवरचे कान तेच.

असा गोंगाट वर्षानुवर्षं झेलला की कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास अधू होतो, स, श, फ निसटायला लागतात, आणि गेलेलं परत येत नाही.

(जुनी छायाचित्रं: हातात धरायचा माइक, छतातला स्पीकर.)

एके काळी छोट्या विमानात बोलायला हातातला माइक आणि ऐकायला छतातला स्पीकर असायचा. मग जाड प्लास्टिकच्या वाट्यांचे हेडसेट आले. कानाभोवती घट्ट बसणारे, डोकं दोन्ही बाजूंनी आवळणारे. उंच पट्टीतले आवाज या वाट्या झकास अडवतात. खर्ज मात्र प्लास्टिक, फोम, कवटी यातल्या कशालाच जुमानत नाही. त्याला अडवायचं तर वाटी आणखी जड करायची, आणखी आवळायची, आणि ते किती करायचं हे शेवटी मानेवर आहे.

(पेटंटचं रेखाचित्र. कॅमेरा सावकाश उजवीकडे.)

हे रेखाचित्र १९३६ सालच्या अमेरिकी पेटंटमधलं. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन संशोधकाचं. एक नळी, नळीतून जाणारा आवाज, एका ठिकाणी माइक आणि पुढे स्पीकर. मूळ लहर जिथे वर चढते, नेमकी तिथे खाली उतरणारी लहर स्पीकरमधून सोडायची, की दोन्ही मिळून जवळजवळ शून्य. कागदावर सगळं बरोबर होतं, पण ते चालवायला लागणारी इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा कुणाकडे नव्हती.

१९७८ मध्ये एमआयटीतले प्राध्यापक अमर बोस झुरिकहून बॉस्टनला निघाले होते. विमानात मिळालेले हेडफोन लावले, तर संगीत गोंगाटात बुडालेलं. उतरायच्या आत त्यांनी हेडफोनमध्येच गोंगाट खोडण्याचं गणित कागदावर मांडून ठेवलं होतं. पुढची काही वर्षं ते प्रयोगशाळेत मुरलं. १९८६ च्या डिसेंबरमध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी व्हॉयेजर विमानातून, कुठेही न थांबता आणि हवेत इंधन न घेता, पृथ्वीप्रदक्षिणा केली.

(व्हॉयेजरचं उड्डाण. लांब पंख धावपट्टीला घासताना.)

नऊ दिवस, आणि दोघांना जेमतेम पडता येईल एवढी केबिन. त्यांच्या कानांवर बोस यांच्या हेडसेटचे प्रायोगिक नमुने होते. बाजारात हेडसेट आला १९८९ मध्ये.

(कामाचं टेबल. स्क्रूड्रायव्हर. वाटी उघडते.)

आता जरा जवळून बघू. ही गादी, कानाभोवती बसते ती. तिच्याआड फोम. फोमखाली स्पीकर, आणि स्पीकरच्या तोंडाशी हा मसुरीएवढा माइक. तो बाहेरचं ऐकत नाही. तुमच्या कानापर्यंत काय पोहोचतंय तेवढंच ऐकतो. सर्किट त्यातून रेडिओचं बोलणं वजा करतं, उरलेला गोंगाट उलटा करतं आणि स्पीकरमधून परत सोडतं. हे सतत, फेऱ्यावर फेरे.

मग फक्त खर्जच का जातो? ८० हर्ट्झची एक लहर पुरी व्हायला साडेबारा मिलिसेकंद लागतात. सर्किटला किंचित उशीर झाला तरी चालून जातं. ३००० हर्ट्झची लहर एक तृतीयांश मिलिसेकंदात संपते, तिथे तेवढ्याच उशिरात सगळा मेळ बिघडतो. त्यामुळे कामं वाटलेली आहेत. खालचे सूर सर्किट बघतं, वरचे वाटी आणि गादी.

(लॅपटॉपचा पडदा. आवाजाचा आलेख. मागे इंजिन चालू.)

वाटीच्या आत आमचा स्वतःचा एक माइक सरकवला होता, त्याचा हा आलेख. डावीकडचा उंच सुळका ८० चा, पुढचा १६० चा, त्यापुढचा २४० चा. आता प्रशिक्षक गोंगाट खोडणाऱ्या सर्किटचं बटण दाबतात.

(सुळके कोसळतात. चार सेकंद निवेदन नाही.)

उजवीकडचा भाग बघितलात? जवळजवळ जिथल्या तिथे आहे.

आता तेच प्रशिक्षक खिशातून गॉगल काढून घालतात. जाड काडीचा. ८० चा सुळका पुन्हा वर. काडीने गादी उचलली गेली, फट पडली, आणि त्या फटीतून जे शिरतंय ते उपसता उपसता सर्किटची दमछाक होतेय. गॉगल बदलला. पातळ, चपट्या काडीचा घातला. सुळका खाली.

आमच्या मते हेडसेट निवडण्याची निम्मी गोष्ट या एका दृश्यात आली. माहितीपत्रकातले डेसिबल वाचण्याआधी रोजचा चष्मा घालून, रोजची टोपी घालून, इंजिन चालू असलेल्या विमानात निदान तासभर बसा. दुकानातल्या शांततेत सगळेच हेडसेट छान वाटतात. डोक्याच्या मध्यावर कुठे रुततंय का, हे पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. चाळिसाव्या मिनिटाला नक्की कळतं. कानावर काहीच नको वाटणाऱ्यांसाठी कानात फोमचे बोळे बसवणारे हेडसेटही मिळतात. त्यांची आवळण्याची कटकट नाही, पण बोळे सगळ्यांना सोसत नाहीत.

दुसरी परीक्षा सेल काढून घ्यायची. बऱ्याच मॉडेलना दोन एए सेल लागतात. ते संपले तरी चांगल्या हेडसेटमध्ये रेडिओ चालू राहतो, फक्त गोंगाट परत येतो. तो किती येतो ते बघा. हलके आणि कमी आवळणारे हेडसेट बटण बंद केल्यावर जुन्या जड वाट्यांपेक्षा कमी पडू शकतात. विमानात सहा पिनांचं पॉवर सॉकेट बसवलेलं असेल तर सेलची झंझटच नाही. पण रोज वेगवेगळी विमानं उडवणाऱ्याने सेलवरचाच घ्यावा.

(प्लग, जवळून.)

विमानाला दोन प्लग, जाड ऐकण्याचा आणि बारीक बोलण्याचा. हेलिकॉप्टरला बहुधा एकच. आणि ही वायरवरची छोटी खिटी, मोनो-स्टिरिओची. हेडसेट स्टिरिओवर आणि विमानातला इंटरकॉम मोनो, की एक कान मुका. नवा कोरा हेडसेट खराब निघाला म्हणून परत पाठवायच्या आधी ही खिटी सरकवून बघा.

माइक ओठांपासून काही मिलिमीटरवर, तोंडाच्या कोपऱ्याशी हवा. तो पुढून आणि मागून, दोन्हीकडून ऐकतो. लांबचा गोंगाट दोन्ही तोंडांशी सारखाच पोहोचतो आणि रद्द होतो, ओठांवरचा शब्द पुढूनच शिरतो. माइक हनुवटीखाली लोंबत असेल तर तुम्ही आणि इंजिन त्याला सारखेच.

ब्लूटूथ वगैरे असतंच आजकाल. त्यापेक्षा लाइटस्पीडच्या डेल्टा झुलूमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओळखणारा सेन्सर आहे, तो आम्हाला जास्त कामाचा वाटला. कारण या विमानांत केबिन गरम करणारी हवा एक्झॉस्टच्या मफलरभोवतून येते, आणि मफलरला चीर गेली तर तो वायूही तिच्याबरोबर आत येतो.

(पुन्हा टेबल. जुना हेडसेट. कडक, तडकलेली गादी निघते, नवी बसते.)

नवा घेणं जमण्यासारखं नसेल तर आधी हे करा. नव्या गाद्या, डोक्यावरची नवी उशी, माइकची नवी फोमची टोपी. कडक झालेल्या गादीतून आवाज सरळ आत येतो, आणि विद्यार्थ्यांच्या वाट्याला नेमके असेच हेडसेट येतात. पुढची पायरी म्हणजे जुन्या वाटीत बसवायचं, गोंगाट खोडणारं किट: स्पीकर, माइक, सर्किट, सेलचा डबा. सोल्डरिंग येणाऱ्याचं काम आहे.

(पंखाची पुढची कड. प्रशिक्षक भोकावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढतात. पीं असा आवाज.)

हे स्टॉल वॉर्निंग. वेग फार कमी होऊन पंख हवा सोडायच्या बेतात आला, की या भोकातून हवा ओढली जाते आणि आतली पिपाणी वाजते. ना वीज, ना तार. हेडसेटशी तिचा काहीच संबंध नाही, म्हणजे ती वाटीतून जेवढी झिरपेल तेवढीच ऐकू येणार. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेने पायलटांना सावध केलं होतं, की गोंगाट खोडणारे हेडसेट लावून इशाऱ्यांचे आवाज नीट ऐकू येतायत का ते तपासा.

(उंचावर. नाक वर, वेग कमी. प्रशिक्षक बोट वर करतात: ऐकू आलं. विद्यार्थी एक वाटी किंचित उचलतो, मग मान हलवतो.)

नवा हेडसेट घेतल्यावर पहिल्याच उड्डाणात, पुरेशा उंचीवर, प्रशिक्षक शेजारी असताना हे करून बघायचं. दोन्ही वाट्या कानांवर असताना पिपाणी स्पष्ट ऐकू आली, तरच जुना हेडसेट विकायला काढायचा.