फ्लामाँव्हिलचे आठ जोड

श्रोतेहो, नमस्कार. अणुवीज महाग का पडते? उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर, फ्लामाँव्हिलच्या अणुभट्टीत आहे. आपल्या जैतापूरला ईपीआर या युरोपीय जातीच्या ज्या भट्ट्या योजल्या आहेत, त्याच जातीची ही.

डिसेंबर २००७ मध्ये काम सुरू झालं. अंदाज ३.३ अब्ज युरो, वीज २०१२ ला. आता गंमत ऐका. भट्टीच्या उष्णतेवर झालेली वाफ जाड नळ्यांतून टर्बाइनकडे जाते. या नळ्या फुटणारच नाहीत असं धरून आराखडा केलेला. म्हणजे वेल्डिंग अव्वलच हवं, आणि नेमकं तेच कमी पडलं. त्यातले आठ जोड तर काँक्रीटच्या दोन भिंतींमधल्या अडचणीच्या जागी. कंपनीचं म्हणणं, आधी भट्टी सुरू करू, हे जोड मागाहून बघू. जून २०१९ मध्ये तिथल्या अणुसुरक्षा प्राधिकरणानं ठणकावलं, आधी दुरुस्ती! मग नळीच्या आत शिरून काम करणारे रोबो आले. खर्चाचा अंदाज १०.९ वरून १२.४ अब्जांवर. जोड किती? आठ. वीज ग्रिडला मिळाली २१ डिसेंबर २०२४ ला, आणि आकडा १३.२ अब्ज. तोही व्याज सोडून.

व्याज सोडून, हे लक्षात ठेवा. दहा टक्क्यांनी अडकवलेले शंभर रुपये पाच वर्षांत १६१ होतात, बारा वर्षांत ३१४. युरेनियमचा खर्च त्यापुढे किरकोळ. तारापूरची १९६९ ची जोडी स्वस्त वीज देत आली, कारण भांडवल केव्हाच वसूल झालेलं. (माझं तर म्हणणं, कोनशिलेवर पुढाऱ्याच्या नावाआधी काम पुरं व्हायची तारीख कोरावी. पुलांच्याही, एसटी स्टँडच्याही.)

सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, व्याज साचायला वेळच नाही. चार पॅनेल बिघडली तरी बाकीची चालतात. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात दर युनिटला १ रुपया ९९ पैशांवर आला होता.

पण तो दर दिवसाउजेडीचा. एक मेगावॉट सौर प्रकल्प वर्षाला साधारण १७ लाख युनिट देतो, तेवढीच अणुभट्टी ७० लाखांच्या वर, रात्रीसुद्धा. संध्याकाळी सातला दिवे, पंखे, मिक्सर एकदम लागतात, तेव्हा बॅटरी नाहीतर पाणी वर चढवून ठेवणारं धरण लागतं. म्हणून सौरविजेचा दर कुणी सांगितला, की आधी विचारा, साठवणीसकट की साठवणीशिवाय? आणि साठवण किती तासांची?