उतरायला नकार कोण देऊ शकतो?

धोकादायक काम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आग, उंची, खोल पाणी, स्फोटके अशा गोष्टी येतात, आणि त्या कामावर जाणारा माणूस जिवावर उदार झालेला असतो असे आपण गृहीत धरतो. कारखान्यांत आणि बांधकामांवर सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी करताना मला मात्र धोका मोजण्यासाठी एक वेगळाच प्रश्न आधी विचारायची सवय लागली : कामावरच्या माणसाला 'मी खाली उतरत नाही' असे म्हणता येते का, आणि तसे म्हटल्यावर त्याची त्या दिवसाची हजेरी लागते का? आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. उदाहरणे मुंबईतलीच घेणार आहे, कारण त्यांसाठी दुसरीकडे जाण्याची गरज नाही.

सुरुवात अग्निशमन दलापासून करू, कारण त्या कामातला धोका कोणीच नाकारत नाही. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटकेही होती. झालेल्या स्फोटांत दलाचे 66 जवान गेले, आणि म्हणूनच देशभर 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीने दलाच्या प्रमुखांसह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. म्हणजे कितीही शिस्त असली तरी आग माणसे खातेच. तरीही या कामाची रचना पाहण्यासारखी आहे. धुरात शिरणारा जवान पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन जातो, बाहेर त्याच्या आत जाण्याची वेळ नोंदवली जाते, आणि सिलिंडरमधला दाब ठरावीक पातळीखाली, साधारण 50 बारच्या आसपास, आला की आपोआप शिट्टी वाजू लागते. शिट्टी वाजली की बाहेर यायचे असा नियम आहे. तो जवान घाबरला का, कंटाळला का, असे त्याला कोणी विचारत नाही. नकार देण्याची जबाबदारी एका यंत्राने आणि एका नियमाने उचललेली असते, माणसाला तो तोंडाने द्यावा लागत नाही.

आता नव्या इमारतीच्या तळघरातल्या पाण्याच्या टाकीकडे वळू. हे काम कोणाच्याही धोकादायक कामांच्या यादीत नसते. टाकी बांधून झालेली असते, आत फळ्या आणि बल्ल्या तशाच राहिलेल्या असतात, थोडे पाणी साचलेले असते आणि झाकण कित्येक आठवडे बंद असते. कुजणारे लाकूड आणि गंजणारे लोखंड आतल्या हवेतला प्राणवायू हळूहळू खाऊन टाकतात. बाहेरच्या हवेत तो 20.9 टक्के असतो. 19.5 टक्क्यांखाली गेला की आत जाऊ नये, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. दहा टक्क्यांखाली माणूस पाहता पाहता बेशुद्ध पडतो. यात फसवणारी गोष्ट अशी की त्याला गुदमरल्यासारखे होतच नाही, कारण आपल्या शरीराला प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड वाढल्याचे कळते, प्राणवायू कमी झाल्याचे फारसे कळत नाही. आत उतरलेला मजूर ना खोकतो, ना ओरडतो. शिडीच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर त्याचे पाय लटपटतात आणि तो खाली बसतो. वरच्याला वाटते की पाय घसरला.

गटारात आणि सेप्टिक टाकीत याच्या जोडीला हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यांचा वास येतो तोच हा वायू. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो, आणि त्याचे प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारली जाते. 'आता वास गेला, उतर' हे मुकादमाचे वाक्य मी ज्या वेळी ऐकले आहे, त्या प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा आला आहे. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वायू अडवत नाही.

अशा अपघातात एकाच वेळी दोघे-तिघे का जातात, हे यावरून कळेल. पहिला पडला की त्याचा भाऊ, चुलता किंवा गाववाला त्याला काढायला उडी घेतो, आणि बाहेर दोरी धरून बसलेला माणूस कोणी नेमलेलाच नसतो. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 36 व्या कलमाने हे सारे लिहून ठेवले होते : आतली हवा सुरक्षित असल्याचा जाणकाराचा लेखी दाखला, नाहीतर श्वसनाचे उपकरण आणि अंगाला पट्टा, त्या पट्ट्याला बांधलेली दोरी, आणि दोरीचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. कलम जुने होते आणि अगदी स्पष्ट होते. मात्र ते कारखान्यांसाठी होते, आणि आपल्या सोसायटीची टाकी कारखान्यात मोडत नाही.

सेप्टिक टाकीची गोष्ट वेगळी. हाताने मैला उपसण्याच्या कामाला बंदी करणाऱ्या 2013 च्या कायद्याचे सातवे कलम सांगते की कोणतीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा संस्था गटाराच्या अथवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी थेट किंवा आडवाटेने कोणालाही कामाला लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'आडवाटेने' या शब्दात कंत्राटदार आला, आणि 'कोणतीही व्यक्ती' यात आपल्या सोसायटीचे सेक्रेटरीही आले. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीतल्या एका गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तीन मजूर गेले. त्यांच्या पत्नींना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि 2021 मध्ये न्यायालयाने शासनाला प्रत्येकीस दहा लाख रुपये देण्यास सांगितले. ही रक्कम सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवून दिलेली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने ती तीस लाख केली. आकडा वाढला हे बरे झाले, पण भरपाई म्हणजे वरातीमागून घोडे. माणूस उतरण्याआधी त्याला कोणी विचारले होते का, हा माझा प्रश्न आहे.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असे शिकवतात की जोखमीच्या कामाला मजुरी जास्त मिळते. सकाळी आठ वाजता एखाद्या मजूर नाक्यावर उभे राहून पाहा, हे वाक्य तिथे टिकत नाही. सोसायटी कंत्राटदाराला सांगते, कंत्राटदार पोटकंत्राटदाराला, तो मुकादमाला, आणि मुकादम नाक्यावरून दोन माणसे उचलतो. प्रत्येक पायरीवर थोडे पैसे मागे राहतात आणि सगळा धोका खाली सरकतो. शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो तो फक्त धोका आणि रोजंदारी. ज्याचे हातावर पोट आहे आणि ज्याच्या मागे आणखी चाळीस जण उभे आहेत, तो नकार कशाच्या जोरावर देणार? त्यातही गटारात उतरणारा माणूस बहुतेक वेळा कोणत्या जातींतून येतो हे या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे, आणि ते न बोलता सुरक्षेवर व्याख्यान देणे हा लबाडपणा ठरेल.

उंचीचे उदाहरण आपल्या खिडकीतच आहे. एसी बसवायला आलेला पोरगा चौदाव्या मजल्यावर खिडकीतून बाहेर पडतो, एक पाय छज्ज्यावर, दुसरा पाईपच्या क्लॅम्पवर, डावा हात ग्रिलमध्ये अडकवलेला आणि उजव्या हातात पाना. आपण आतून त्याला स्क्रू देतो आणि वर 'सांभाळून हं' म्हणतो. त्याच्या बॅगेत पट्टा असतोही कधी कधी, पण तो अडकवायचा कशाला? ग्रिल चार खिळ्यांवर उभे असते. वास्तुविशारदाने प्रत्येक खिडकीबाहेर एसीसाठी जागा आखली, पण तिथपर्यंत माणूस पोहोचणार कसा याचा विचार केला नाही आणि भिंतीत एक मजबूत कडीही बसवली नाही. बाहेरून रंगकाम करणाऱ्यांच्या परांचीबद्दलही हेच म्हणता येईल, त्यावर वेळ घालवत नाही.

मालक लोक मला नेहमी सांगत, 'साहेब, साधने दिली तरी हे लोक वापरत नाहीत.' हे काही अंशी खरे आहे. मे महिन्यात हेल्मेटखाली डोके भाजते, हातमोजे घातले की पाना सरकतो, आणि काम नगावर असेल तर पट्टा दर वेळी काढण्या-घालण्यात दिवसाची कमाई घटते. पण सुरक्षाशास्त्रात साधनांचा क्रम शेवटचा आहे. माणसाला आत उतरवण्याची गरजच संपवणे पहिले येते, यंत्र दुसरे, हवा खेळवणे तिसरे. शेवटच्या पायरीवरची चूक मजुराची म्हणून लिहिली जाते, वरच्या पायऱ्या कोणी गाळल्या ते अहवालात येत नाही.

भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात 41-ह हे कलम आले. जिवावरचा धोका समोर दिसत असेल तर मालकाच्या नजरेला तो आणून देण्याचा हक्क त्याने कामगाराला दिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1981 चा 155 क्रमांकाचा करार एक पाऊल पुढे जातो : अशा कामावरून बाजूला झालेल्या कामगाराला त्याचे परिणाम भोगावे लागू नयेत. हक्क कागदावर आहेत, पण नाक्यावरच्या माणसाच्या हाती त्यांतला एकही पोचलेला नाही, कारण तो कोणाचाच कामगार नसतो.

म्हणून मी आज सरकारकडे काही मागत नाही. इथे बसलेले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या सोसायटीचे सभासद आहेत, म्हणजेच मालक आहेत. पुढच्या वेळी टाकीच्या सफाईचे कोटेशन आले की सर्वांत स्वस्त कोणते ते पाहण्याआधी त्यात काय लिहिले आहे ते वाचा. झाकण उघडून ब्लोअर किती वेळ चालवणार, चार वायू मोजणारा मीटर कोण आणणार आणि त्याचे आकडे कुठे लिहिणार, तिवई आणि दोरी आहे का, दोरी धरणारा माणूस कोण. सेप्टिक टाकी असेल तर माणूस आत जाणारच नाही, सक्शनची गाडी येईल, असे लेखी घ्या. आणि वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवा : कामगाराने आत उतरण्यास नकार दिला किंवा काम अर्ध्यावर थांबवले तरी त्याची त्या दिवसाची पूर्ण मजुरी सोसायटी थेट त्याच्या हातात देईल. कोटेशन थोडे वाढेल. सर्वसाधारण सभेत त्यावरून कुरकूर होईल, पार्किंगच्या भाड्यावरून होते त्यापेक्षा जास्त होणार नाही. ही ओळ सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या, म्हणजे पुढची कमिटी ती सहजासहजी काढू शकणार नाही.